हरण्याची अट

जेम्स वेब दुर्बिणीची पहिली छायाचित्रे जुलै २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढच्या महिनाभरात ‘महास्फोट झालाच नाही’ अशा आशयाचे लेख जगभर फिरू लागले. विश्व अवघे तीस-चाळीस कोटी वर्षांचे असताना त्यात एवढ्या तेजस्वी दीर्घिका असायला नकोत, त्या तर दिसतात. सबब सारे विश्वशास्त्र कोसळले, असा त्यांचा युक्तिवाद. तो टिकणारा नव्हता. दीर्घिका किती वेगाने तयार होतात याविषयीचे अंदाज त्या छायाचित्रांमुळे दुरुस्त करावे लागले, अजूनही लागत आहेत. पण विश्व एके काळी दाट आणि तप्त होते या निष्कर्षाला त्याने धक्का लागलेला नाही. अर्थात मथळा एकदा सुटला की खुलासा त्याच्या मागे धावत राहतो आणि सहसा पोहोचत नाही. आपल्याकडे या विषयाला एक जास्तीचा पदर आहे. महास्फोटाला विरोध म्हटले की मराठी माणसाला एकच नाव आठवते, डॉ. जयंत नारळीकर. आयुष्यभर एकटा लढलेला शास्त्रज्ञ, त्याचे न ऐकणारे जग आणि उशिरा का होईना खरे ठरलेले त्याचे म्हणणे, अशी ती गोष्ट मग आपोआप रचली जाते.

ही गोष्ट ऐकायला छान आहे आणि नारळीकरांवर अन्याय करणारी आहे. विश्वाच्या उगमाच्या मुख्य प्रश्नावर, हाती असलेल्या सर्व पुराव्यांनुसार, ते बरोबर नव्हते. हे स्पष्ट म्हणण्यात त्यांचा अवमान नाही. उलट, विज्ञानात विरोधी मत मांडण्याचा अधिकार कसा मिळवायचा असतो, तो कसा वापरायचा आणि त्याची मर्यादा कोठे येते, हे समजून घ्यायचे तर त्यांच्या कारकिर्दीइतके उपयोगी उदाहरण मराठीत दुसरे नाही. आणि हा प्रश्न केवळ आकाशापुरता नाही. ‘गॅलिलिओलाही सगळ्यांनी विरोधच केला होता’ हे वाक्य आज कर्करोगावर काढा विकणारा वापरतो, लसींविरुद्ध अफवा पसरवणारा वापरतो, पुराणात विमाने शोधणाराही वापरतो. प्रस्थापितांना नाकारणारा प्रत्येक जण नारळीकर नसतो. मग फरक नेमका काय?

त्यासाठी १९४८ पर्यंत मागे जावे लागेल. विश्व प्रसरण पावते आहे हे एडविन हबल यांच्या १९२९ च्या निरीक्षणांनंतर मान्य होत गेले. पण त्या प्रसरणाचा वेग तेव्हा इतका जास्त मोजला गेला होता की उलटे गणित केल्यास विश्वाचे वय सुमारे दोनशे कोटी वर्षे निघे. पृथ्वीवरचे खडक त्याहून जुने होते. मुलगा आईपेक्षा मोठा, असा हा प्रकार. या अडचणीच्या काळात केंब्रिजमधील हर्मन बाँडी, थॉमस गोल्ड आणि फ्रेड हॉयल या तिघांनी वेगळा मार्ग सुचवला. विश्व प्रसरण पावते हे खरे, पण त्याला आरंभ नाही आणि अंतही नाही. दीर्घिका एकमेकींपासून दूर जातात तसतसा मधल्या मोकळ्या जागेत अत्यंत मंद गतीने नवा पदार्थ निर्माण होतो, त्यातून नव्या दीर्घिका घडतात आणि एकंदर चित्र कायम सारखेच राहते. हा स्थिर स्थिती सिद्धान्त. नव्या पदार्थाच्या निर्मितीचा वेग त्यात इतका कमी होता की कोणत्याही प्रयोगशाळेत तो पकडता आला नसता. ‘बिग बँग’ हे नाव हॉयल यांनीच १९४९ मध्ये बीबीसीच्या रेडिओ भाषणात प्रतिस्पर्धी कल्पनेला दिले. पुढे ते नाव प्रतिस्पर्ध्यांनी अभिमानाने मिरवले हा भाग वेगळा.

काहीही नसताना पदार्थ निर्माण होतो ही कल्पना अनेकांना खटकली. त्यावर या मंडळींचे उत्तर असे, की सगळा पदार्थ एका क्षणी निर्माण झाला हे तुम्ही मान्य करता, मग थोडा थोडा सतत निर्माण होतो म्हटले तर बिघडते कोठे? हे उत्तर हजरजबाबी आहे. पण सिद्धान्ताची खरी ताकद त्यात नव्हती, ती दुसरीकडे होती. विश्व सर्वकाळ सारखेच असेल तर दूरचे विश्व आणि जवळचे विश्व यांत फरक दिसता कामा नये. प्रकाशाला यायला वेळ लागतो. दूर पाहणे म्हणजे भूतकाळात पाहणे. तेव्हा दूरवर कोठेही वेगळी लोकवस्ती आढळली, की हा सिद्धान्त संपला. पळवाट नाही. सिद्धान्त वैज्ञानिक असण्याची खूण म्हणजे तो कशाने खोटा पडेल हे सांगता येणे, असे तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांनी १९३४ मध्ये मांडले होते. बाँडी हे पॉपर यांचे चाहते. आपला सिद्धान्त या कसोटीला महास्फोटापेक्षा अधिक उघडा आहे, याचा त्यांना अभिमान होता आणि तो रास्त होता. महास्फोटाच्या बाजूला त्या काळात आरंभीची स्थिती हवी तशी बसवून घेण्याची मुभा होती. स्थिर स्थितीवाल्यांनी स्वतःला ती मुभा ठेवली नाही. विश्व पूर्वी वेगळे होते म्हणता, तर त्या काळाचा एखादा जीवाश्म दाखवा, असे त्यांचे आव्हान असे.

नारळीकर या नाट्यात आले तेच मुळी वादाच्या ऐन मध्यावर. कोल्हापुरात १९३८ मध्ये जन्म, वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक, तेथून केंब्रिज आणि हॉयल यांच्या हाताखाली संशोधन. ते संशोधक विद्यार्थी म्हणून स्थिरावण्याच्या आतच, १९६१ च्या आरंभी, केंब्रिजमधलेच रेडिओ खगोलशास्त्रज्ञ मार्टिन राइल यांनी आपली मोजदाद जाहीर केली. आकाशातील रेडिओ स्रोतांत अंधुक, म्हणजे दूरचे, स्रोत प्रमाणापेक्षा जास्त आहेत; अर्थात विश्व पूर्वी वेगळे होते; अर्थात स्थिर स्थिती सिद्धान्त चूक. हॉयल यांनी उत्तर तयार करण्याच्या कामात या बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याला घेतले आणि रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत ते मांडण्यासाठीही त्यालाच उभे केले. विश्वात पदार्थ मोठ्या अंतरांवरही एकसारखा पसरलेला नसेल, तर अशी मोजदाद फसवी ठरू शकते, असा त्या उत्तराचा गाभा. तेव्हा फारसे कोणी ते मनावर घेतले नाही. दीर्घिकांचे प्रचंड समूह आणि त्यांच्यामधल्या प्रचंड पोकळ्या पुढे सापडल्या, म्हणजे कल्पना निराधार नव्हती. सिद्धान्त मात्र तिने वाचला नाही, कारण राइल यांची मोजदाद जसजशी सुधारत गेली तसतसा तो फरक पक्का होत गेला.

पुढचा घाव तर हॉयल यांनी स्वतःच घातला, आणि या प्रकरणातील सर्वांत लोभस भाग हा आहे. ताऱ्यांच्या पोटात हलक्या मूलद्रव्यांपासून जड मूलद्रव्ये कशी शिजतात हे १९५७ मध्ये हॉयल आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी दाखवून दिले. आपल्या रक्तातले लोह आणि हाडांतले कॅल्शियम ताऱ्यांत तयार झाले आहे ते यामुळे कळले. पण हेलियमचा हिशेब लागेना. विश्वातील साध्या पदार्थाचा वजनाने सुमारे चतुर्थांश भाग हेलियम आहे आणि एवढे हेलियम तारे बनवू शकत नाहीत. रॉजर टेलर यांच्यासह १९६४ मध्ये लिहिलेल्या निबंधात हॉयल यांनी हे मांडले आणि एवढे हेलियम शिजायला कधी काळी सर्वत्र प्रचंड उष्णता असावी लागेल, असा निष्कर्षही लपवला नाही. ती उष्णता विश्वारंभीची असू शकते किंवा अतिप्रचंड ताऱ्यांची, असे दोन पर्याय त्यांनी ठेवले. त्यांचा कल अर्थातच दुसऱ्याकडे. पण प्रतिपक्षाच्या हातातला एक उत्तम पुरावा त्यांनी स्वतःच्या हिशेबातून घडवून दिला. आपल्या विरोधात जाणारा आकडा स्वतःच छापणारे असे विरोधक फार नसतात.

वर्षभरात ‘जीवाश्म’ सापडला. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतील आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन यांच्या अँटेनाला आकाशाच्या सर्व दिशांनी सारखीच एक मंद खरखर ऐकू येत होती. अँटेनात घरटे केलेल्या कबुतरांना हाकलून, त्यांची घाण साफ करूनही ती जाईना. निरपेक्ष शून्याच्या जेमतेम तीन अंश वर असलेले हे सूक्ष्मलहरी प्रारण म्हणजे तप्त आरंभाची थंड झालेली ऊब, हे १९६५ मध्ये स्पष्ट झाले. जॉर्ज गॅमो यांच्या सहकाऱ्यांनी, राल्फ आल्फर आणि रॉबर्ट हर्मन यांनी, १९४८ मध्येच पाच अंशांच्या आसपासच्या अशा प्रारणाचे भाकीत केले होते आणि मग जग ते विसरूनही गेले होते. स्थिर स्थितीच्या मूळ सिद्धान्ताजवळ या प्रारणाचे सहज असे उत्तर नव्हते. बहुतेक खगोलशास्त्रज्ञांच्या लेखी वाद तेथे संपला. सिद्धान्ताने आपल्या पराभवाची अट आधी सांगितली होती, ती पूर्ण झाली आणि सिद्धान्त हरला. विज्ञानाच्या दृष्टीने ही सन्मानाची हार होती. ज्याला हरताच येत नाही असा सिद्धान्त जिंकूही शकत नाही.

नारळीकरांना हा निकाल मान्य झाला नाही. हॉयल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी १९९३ मध्ये जुना सिद्धान्त बदलून नवा मांडला, अर्ध-स्थिर स्थितीचा. विश्वाला आरंभ नाही हे कायम. मात्र ते दीर्घकाळात हळूहळू प्रसरण पावत असताना मध्ये मध्ये, सुमारे पाच हजार कोटी वर्षांच्या चक्राने, आकसते आणि फुगते. पदार्थ सगळीकडे सारखा नव्हे तर ठिकठिकाणच्या लहान स्फोटांतून निर्माण होतो. आणि ते सूक्ष्मलहरी प्रारण? ते आधीच्या चक्रांतील ताऱ्यांचा प्रकाश. अवकाशात विखुरलेल्या मिलीमीटरभर लांबीच्या लोखंडी सुयांनी तो शोषला, पुन्हा बाहेर टाकला आणि एकजीव केला. अशा सुया प्रयोगशाळेत बनतात. ताऱ्यांच्या स्फोटांत बाहेर पडलेल्या लोहाच्या वाफेपासून त्या बनू शकतील हे अशक्य नाही.

अशक्य नाही. पण येथे तराजू झुकला. १९४८ च्या सिद्धान्ताचे सौंदर्य त्याच्या कडकपणात होते. १९९३ च्या सिद्धान्ताला प्रत्येक अडचणीसाठी एक वेगळी सोय करावी लागत होती. कोबे उपग्रहाने १९९० मध्ये त्या प्रारणाचा आलेख मोजला तो आदर्श तप्त पदार्थाच्या आलेखाशी इतका तंतोतंत जुळला, की मापनातील त्रुटी दाखवणाऱ्या रेघा वक्राच्या जाडीत लपल्या. एवढा एकजिनसीपणा सुयांकडून मिळवायचा तर त्यांची संख्या, लांबी, वाटणी हे सारे नेमके हवे. दुसरीकडे काय चालले होते ते पाहा. आरंभीच्या तप्त विश्वात ध्वनिलहरी उठल्या असतील आणि त्यांच्या खुणा प्रारणात विशिष्ट अंतरांवर दिसतील, असे १९७० च्या सुमारास अमेरिकेत जिम पीबल्स यांनी आणि सोव्हिएत रशियात झेल्दोविच व सुन्याएव यांनी स्वतंत्रपणे गणित मांडले. त्या खुणा मोजण्याइतकी उपकरणे तेव्हा नव्हती. तीस वर्षांनी, २००० च्या आसपास, बलूनवरील उपकरणांनी त्या मोजल्या आणि पुढे प्लँक उपग्रहाने त्यांचे बारकावे टिपले. भाकीत आधी, निरीक्षण नंतर. महास्फोटाचा विजय बहुमताने किंवा अनुदानाच्या जोरावर झाला असे म्हणणाऱ्यांनी हा क्रम लक्षात घ्यायला हवा.

याचा अर्थ नारळीकरांच्या सर्व आक्षेपांत तथ्य नव्हते असा नाही. न्यू सायंटिस्ट साप्ताहिकात २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अनावृत पत्रावर तीसहून अधिक शास्त्रज्ञांच्या सह्या होत्या, त्यांत नारळीकरांचीही होती. विश्वशास्त्राचा डोलारा न पाहिलेल्या गोष्टींवर उभा राहतो आहे, निरीक्षण जुळले नाही की एक नवी अदृश्य वस्तू मानली जाते आणि वेगळा विचार करणाऱ्याला ना दुर्बिणीचा वेळ मिळतो ना पैसा, ही त्यातली तक्रार. तिचे तुकडे वेगळे करून पाहायला हवेत. आजच्या हिशेबानुसार आपल्याला ठाऊक असलेला पदार्थ विश्वाच्या जेमतेम पाच टक्के. सुमारे सत्तावीस टक्के कृष्णद्रव्य आणि अडुसष्ट टक्के कृष्णऊर्जा. कृष्णद्रव्याच्या बाजूने पुरावे अनेक आणि एकमेकांपासून स्वतंत्र आहेत: दीर्घिकांचे फिरणे, प्रकाशाचे वाकणे, प्रारणातील खुणा. त्यामुळे ते केवळ ठिगळ आहे असे म्हणता येत नाही. पण त्याचा कण काही दशके जमिनीखालच्या प्रयोगशाळांत शोधूनही हाती लागलेला नाही, हेही तितकेच खरे. आणि ज्याला इन्फ्लेशन म्हणतात, त्या पहिल्या क्षणार्धातील अफाट फुगण्याच्या कल्पनेबाबत नारळीकरांचा मुद्दा आजही उभा आहे. त्या क्षणीची मानली जाणारी ऊर्जा जिनिव्हाच्या महाकाय कणवेगवर्धकातील ऊर्जेच्या सुमारे लाख कोटी पट. अशा भौतिकीची प्रयोगशाळेत थेट परीक्षा होऊ शकत नाही. त्यात या कल्पनेची रूपे इतकी आहेत, की एक खोटे पडले तर दुसरे पुढे करता येते. सुयांची सोय ही लबाडी आणि इन्फ्लेशनची सोय ही प्रगती, असे म्हणणाऱ्यांनी आपली मोजपट्टी तपासलेली बरी. विश्वाचे प्रसरण वाढत्या वेगाने होते आहे हे १९९८ मध्ये दूरच्या ताऱ्यांच्या स्फोटांवरून कळले तेव्हा बहुतेकांना धक्का बसला. जुना स्थिर स्थिती सिद्धान्त मात्र पन्नास वर्षे नेमके हेच सांगत होता. याची आठवण नारळीकर करून देत. त्यात थोडा खट्याळपणा होता. पण ती आठवण चुकीची नव्हती.

दुर्बिणीच्या वेळेचा मुद्दा तर निव्वळ तक्रारीचा नव्हे. हॉल्टन आर्प या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञाने दीर्घिकांच्या ताम्रसृतीचा रूढ अर्थ नाकारणारी निरीक्षणे लावून धरली. त्याला पालोमारच्या दुर्बिणीचा वेळ मिळणे १९८० च्या दशकात बंद झाले आणि तो जर्मनीत निघून गेला. आर्पचे निष्कर्ष मोठ्या सर्वेक्षणांत टिकले नाहीत. तरी निरीक्षण करू न देणे हे निरीक्षण खोटे ठरवण्यासारखे नसते. दुर्बिणीच्या रात्री मोजक्या असतात, त्या सर्वांना वाटता येत नाहीत, हे मान्य केले तरी शे-सव्वाशे रात्रींतली एखादी रात्र वेड्या प्रश्नासाठी राखून ठेवणे हा विज्ञानाने उतरवायचा विमाच म्हणावा लागेल.

स्वतःच्या हाती सत्ता आली तेव्हा नारळीकर कसे वागले? पुण्यात १९८८ मध्ये आयुका स्थापन झाली, ते तिचे संस्थापक संचालक. जागतिक प्रवाहाविरुद्ध मत असलेल्या माणसाच्या हाती नवी कोरी संस्था. स्वतःच्या सिद्धान्ताचा मठ उभारायला याहून सोयीची संधी नव्हती. तसे झाले नाही. त्याच इमारतीत तरुण सौरदीप सूक्ष्मलहरी प्रारणावर काम करत होते, वरुण साहनी कृष्णऊर्जेवर. संजीव धुरंधर आणि त्यांचे विद्यार्थी गुरुत्वलहरींचे संकेत गोंगाटातून वेगळे काढण्याचे गणित रचत होते; २०१५ मध्ये त्या लहरी प्रत्यक्ष सापडल्या तेव्हा त्या गणिताचे महत्त्व जगाला कळले. संचालकाला अमान्य असलेल्या विश्वाचा अभ्यास संचालकाच्याच संस्थेत निर्वेध होत राहिला. आपल्याकडे विभागप्रमुखाचा विषय हाच विभागाचा विषय असण्याची रीत लक्षात घेता हे लहान नाही.

आणखी एक प्रसंग, जो आरोग्याच्या आणि जीवशास्त्राच्या अंगाने अधिक बोलका आहे. जीवसृष्टीचे बीज अवकाशातून आले असावे ही हॉयल आणि चंद्र विक्रमसिंगे यांची लाडकी कल्पना. हॉयल यांच्या शिष्योत्तमाने ती तशीच पुढे रेटली असती तर नवल नव्हते. नारळीकरांनी प्रयोग रचला. हैदराबादहून जानेवारी २००१ मध्ये बलून सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने निर्जंतुक नळकांड्यांत गोळा केले गेले आणि त्यांत सूक्ष्मजीव मिळाले. दुसरा बलून २००५ मध्ये उडाला. त्यात तीन नव्या जिवाणूंची भर पडली, त्यांतील एकाला हॉयल यांचे नाव दिले गेले. पण हे जीव पृथ्वीबाहेरचे असल्याचे यातून सिद्ध होत नाही, असे २००९ मध्ये निष्कर्ष जाहीर करताना स्पष्टपणे नोंदवले गेले. पृथ्वीवरून ते तेवढ्या उंचीवर गेले नसतील कशावरून, या प्रश्नाचे उत्तर हाती नव्हते. गुरूचे नाव जिवाणूला दिले, गुरूची कल्पना मात्र सिद्ध झाल्याचे सांगितले नाही.

हीच शिस्त त्यांनी ज्योतिषाला लावली. विद्यापीठांत फलज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करण्याचा घाट २००१ मध्ये घातला गेला तेव्हा त्यांनी विरोध केला, पण निव्वळ थट्टा करून ते थांबले नाहीत. सांख्यिकीतज्ज्ञ सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्या साथीने त्यांनी चाचणी आखली. शंभर हुशार मुलांच्या आणि बौद्धिक वाढ खुंटलेल्या शंभर मुलांच्या जन्मवेळांवरून पत्रिका बनवल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतील चाळीस द्यायच्या आणि मूल कोणत्या गटातले एवढेच विचारायचे. कोणती पत्रिका कोणाची हे ज्योतिषांना तर ठाऊक नव्हतेच, पत्रिका हाताळणाऱ्यांनाही नव्हते. एक्कावन्न जणांनी पत्रिका मागवल्या, सत्तावीस जणांनी उत्तरे पाठवली. सरासरी ४६ टक्के उत्तरे बरोबर आली. नाणे उडवले असते तर पन्नासच्या आसपास आली असती. चाळीसपैकी अठ्ठावीस बरोबर आली तर त्यात काही अर्थ आहे असे मानायचे, ही रेषा आधीच आखलेली होती. सर्वांत चांगला निकाल चोवीसचा.

कोणाचे काय हे परीक्षकालाही कळू द्यायचे नाही, ही पद्धत औषधांच्या चाचण्यांची. नारळीकरांना ती मनापासून पटलेली असावी. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी १९७४ मध्ये त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. आद्याक्षरे उलटी केलेली. हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून ती मंगला नारळीकरांकडून लिहवून घेतलेली. कथेला पहिले बक्षीस मिळाले आणि ते नारळीकरांच्या नावाला मिळालेले नव्हते.

आता पुन्हा त्या काढेवाल्याकडे वळू. वैद्यकातही एकट्या माणसाने साऱ्या व्यवसायाला चूक ठरवल्याची उदाहरणे आहेत. पोटातील अल्सर ताणतणावाने, तिखटाने आणि आम्लाने होतात असे वैद्यकाचे ठाम मत असताना ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी एका जिवाणूवर बोट ठेवले. कोणी विश्वास ठेवीना तेव्हा मार्शल यांनी १९८४ मध्ये त्या जिवाणूचे द्रावण स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला. २००५ चे नोबेल त्यांना मिळाले ते मात्र द्रावण पिण्याच्या धाडसासाठी नव्हे. जिवाणू मारला की अल्सर बरा होतो आणि पुन्हा उद्भवत नाही, हे इतरांनी आपापल्या रुग्णालयांत, आपापल्या रुग्णांवर तपासून पाहिले आणि ते खरे निघाले म्हणून. याच कसोटीवर २०२० मध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विन अपयशी ठरले. त्याच्या पाठीशी सरकारे होती, राष्ट्राध्यक्ष होते, आपल्याकडेही त्याची शिफारस झाली होती. ब्रिटनमधील रुग्णालयांत हजारो रुग्णांवर झालेल्या रिकव्हरी चाचणीत त्याचा उपयोग नाही असे दिसले, आणि त्याच चाचणीत डेक्सामेथासोन या स्वस्त, जुन्या औषधाने गंभीर रुग्णांचे प्राण वाचतात हेही दिसले. चाचणीने ना बड्यांची भीड धरली ना छोट्यांची.

काढेवाल्याला विचारायचा प्रश्न त्यामुळे ‘तू कोणाविरुद्ध आहेस’ हा नाही. काय घडले तर तुझे औषध निरुपयोगी असे तू मान्य करशील, हा आहे. गुण आला तर औषधाचा, नाही आला तर पथ्य मोडल्याचा, आणि रुग्ण दगावला तर उशिरा आणल्याचा, असे उत्तर आले की समोरचा माणूस बंडखोर नसून विक्रेता आहे हे ओळखायला हरकत नाही. ‘विज्ञान तरी कुठे ठाम असते, रोज बदलते’ हा त्याचा पुढचा डाव. विज्ञान बदलते ते कोणीतरी आधी अट घातलेली असते आणि ती पूर्ण होते म्हणून. काढ्याचे माहितीपत्रक वर्षानुवर्षे बदलत नाही.

नारळीकरांचा १९९३ चा सिद्धान्त जागोजाग लवचिक झाला असला तरी त्यांनी त्यालाही अटी घातल्या, ही गोष्ट त्यांच्या टीकाकारांनीही मान्य करायला हवी. विश्व आधीच्या चक्रात आकसलेले असेल तर अतिदूरच्या, अतिअंधुक दीर्घिकांचा प्रकाश तांबड्याकडे नव्हे तर निळ्याकडे सरकलेला सापडला पाहिजे. पदार्थनिर्मितीच्या लहान स्फोटांतून गुरुत्वलहरी निघाल्या पाहिजेत. आणि विश्वाचे वय १३८० कोटी वर्षांहून जास्त असेल तर सूर्याच्या निम्म्या वस्तुमानाचे, अत्यंत सावकाश जळणारे तारेसुद्धा आज म्हातारे होऊन फुगलेले दिसले पाहिजेत. महास्फोटाच्या हिशेबात त्यांना म्हातारे व्हायला पुरेसा वेळच झालेला नाही. असा एक तारा निर्विवाद सापडला तरी आजच्या विश्वशास्त्राला उत्तर शोधावे लागेल. आजवर सापडलेला नाही. आकाशाची पाहणी मात्र पूर्वी कधी नव्हती एवढ्या बारकाईने चालू आहे. युरोपच्या गैया यानाने एकट्याने शंभर कोटींहून अधिक ताऱ्यांची नोंद केली आहे, आणि ती कोणालाही तपासण्यासाठी खुली आहे.